उतरत्या स्वराचे सामर्थ्य : लेनर्ड कोहेन यांच्या लंडन मैफलीचा (२००८) आस्वादक अभ्यास

सारांश

लोकप्रिय संगीतातील वयोवृद्ध गायकाच्या मैफलीचे मूल्यमापन बहुधा स्मरणरंजन, सहानुभूती आणि विक्रम या तीन अंगांनी केले जाते. ही तिन्ही अंगे गायकाकडे पाहतात, गाण्याकडे पाहत नाहीत. कॅनडाचे कवी-गायक लेनर्ड कोहेन यांनी १७ जुलै २००८ रोजी लंडन येथे वयाच्या ७३व्या वर्षी सादर केलेल्या मैफलीच्या आधारे प्रस्तुत लेखात एक वेगळी कसोटी मांडली आहे. मूळ ध्वनिमुद्रिकेला जे सांगता आले नव्हते, ते आजच्या सादरीकरणाने सांगितले काय, ही ती कसोटी होय. त्या अनुषंगाने आवाज, गीतांचा बदललेला अर्थ, रंगमंचावरील आचार, कोहेन यांचा मुंबईशी आलेला संबंध आणि मैफलीच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

बीजशब्द : पॉप संगीत, प्रत्यक्ष मैफल, ध्वनिमुद्रण, वार्धक्य, सादरीकरण, अकर्तेपण.

१. प्रास्ताविक

साहित्य आणि संगीत यांच्या सीमारेषेवर उभ्या असणाऱ्या कलावंतांविषयी आपल्याकडे पुरेशी चर्चा होत नाही. साहित्याचे अभ्यासक त्यांना गायक म्हणून बाजूला ठेवतात, तर संगीताचे अभ्यासक 'यांच्या गाण्यात संगीत ते किती?' असा प्रश्न विचारून मोकळे होतात. लेनर्ड कोहेन (१९३४–२०१६) हे अशा कलावंतांपैकी एक महत्त्वाचे नाव होय. पॉप संगीत म्हटले की तारुण्य, वेग आणि झगमगाट हे शब्द सहज सुचतात. अशा क्षेत्रात सत्तरी ओलांडलेला गायक रंगमंचावर येतो तेव्हा त्याचे मोजमाप कशाने करावयाचे, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही.

अशा मैफलींचे जे वृत्तांत आपण वाचतो त्यांत साधारणतः तीन सूर आढळतात. पहिला स्मरणरंजनाचा. श्रोता आपल्या तारुण्यातील गाणी पुन्हा ऐकतो आणि त्या आठवणींच्या ओलाव्याचे श्रेय गायकाला देतो. दुसरा सहानुभूतीचा. 'या वयातही' हे दोन शब्द त्याची खूण होत. तिसरा विक्रमाचा. किती तास गायले, किती शहरे घेतली, किती तिकिटे खपली यांची मोजदाद तेथे होते. या तिन्ही सुरांत आदर आहे, परंतु समीक्षा नाही. वृद्ध कलावंताला समीक्षेतून सूट देणे हा वरकरणी सन्मान वाटला, तरी प्रत्यक्षात तो त्याला कलावंतांच्या पंक्तीतून अलगद उठविण्याचाच प्रकार असतो.

प्रारंभीच एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखकाने ही मैफल सभागृहात बसून ऐकलेली नाही. १७ जुलै २००८ रोजी लंडनच्या ओ-टू अरीना या प्रेक्षागृहात झालेल्या या मैफलीचे ध्वनिमुद्रण व चित्रमुद्रण 'लाइव्ह इन लंडन' या नावाने २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या अनेकवार केलेल्या श्रवण-दर्शनावर हे विवेचन आधारलेले आहे. प्रत्यक्ष मैफल आणि तिचे चित्रण या दोन भिन्न गोष्टी आहेत. सुमारे २०,००० आसनांच्या त्या प्रेक्षागृहात मागच्या रांगेतील श्रोत्याला गायकाच्या चेहऱ्यावरील रेषा दिसणे शक्य नव्हते. कॅमेऱ्याने त्या आपल्यापर्यंत आणल्या. उलट, हजारो माणसे एकाच वेळी श्वास रोखून बसतात तेव्हा हवेत जो ताण निर्माण होतो, तो कोणत्याही मुद्रणात पूर्णपणे उतरत नाही. या लाभ-हानीची जाणीव ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

२. मैफलीपूर्वीचा प्रवास

कोहेन यांचा जन्म २१ सप्टेंबर १९३४ रोजी माँट्रियलनजीकच्या वेस्टमाउंट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. गायक होण्यापूर्वी ते कवी होते. १९५६ मध्ये त्यांचा पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. १९६३ आणि १९६६ मध्ये दोन कादंबऱ्या प्रकाशित झाल्या. 'साँग्ज ऑफ लेनर्ड कोहेन' ही पहिली ध्वनिमुद्रिका १९६७ च्या अखेरीस आली तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. पॉप संगीताच्या हिशेबाने हा प्रारंभच उशिराचा होता. त्यामुळे नवथर तारुण्याचा उसळता सूर त्यांच्या गीतांत प्रथमपासूनच नव्हता. जणू आयुष्याच्या दुसऱ्या टोकावरून मागे वळून पाहणारा माणूस त्यांत बोलत होता. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

१९९३ च्या दौऱ्यानंतर त्यांनी मैफलींतून अंग काढून घेतले. कॅलिफोर्नियातील माउंट बाल्डी येथील झेन मठात ते १९९४ पासून सुमारे पाच वर्षे राहिले आणि १९९६ मध्ये त्यांना भिक्षू म्हणून दीक्षा मिळाली. त्यानंतर त्यांनी ध्वनिमुद्रिका काढल्या, परंतु दौरे केले नाहीत. पुढे उतारवयासाठी राखून ठेवलेली आपली बहुतेक पुंजी व्यवस्थापनातील विश्वासघातामुळे नाहीशी झाल्याचे त्यांच्या लक्षात आले. प्रकरण न्यायालयात गेले. २००६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, परंतु पैसे हाती आले नाहीत. या पार्श्वभूमीवर, पंधरा वर्षांच्या खंडानंतर, ११ मे २००८ रोजी कॅनडातील फ्रेडरिक्टन या लहानशा शहरातून त्यांनी पुन्हा दौऱ्यास प्रारंभ केला. लंडनची मैफल ही त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी झाली. २०१३ च्या डिसेंबरात न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे शेवटची मैफल होईपर्यंत त्यांनी जगभर साडेतीनशेहून अधिक मैफली केल्या.

येथे एक आक्षेप संभवतो. जो गायक गरजेपोटी रंगमंचावर आला, त्याच्या गाण्यात कलात्मक निकड कोठून असणार? हा आक्षेप वरवरचा आहे. हेतू आणि कृती यांचे मूल्य एकच नसते. पोटासाठी केलेले काम हलके आणि हौसेने केलेले काम श्रेष्ठ, असा नियम केला तर जगातील फार मोठ्या कलेला आपल्याला मुकावे लागेल. कोहेन यांच्या बाबतीत एवढे निश्चित म्हणता येते की, गरजेने त्यांना रंगमंचापर्यंत आणले, परंतु तेथे ज्या रीतीने ते उभे राहिले ती रीत गरजेतून आलेली नव्हती. केवळ पैशासाठी गाणाऱ्याला पंधरावीस लोकप्रिय गीते उरकून निघून जाता आले असते. लंडनच्या मुद्रणात निवेदनासह २६ भाग आहेत आणि त्यांपैकी एकही उरकलेला नाही.

३. स्वतःच्याच ध्वनिमुद्रिकेशी स्पर्धा

आपल्याकडील जाणकार रसिकांना वृद्ध गवयाचे गाणे ऐकण्याचा सराव आहे. 'आवाज गेला, गाणे राहिले' असे आपण म्हणतो आणि त्यात दाद असते. ख्यालगायनात हे शक्य होते याचे कारण त्या पद्धतीच्या घडणीत आहे. राग प्रत्येक बैठकीत नव्याने मांडावयाचा असतो. तार सप्तक साधत नसेल तर गायक मंद्र-मध्यातच बढत करतो, तान जमत नसेल तर बोलांवर भर देतो. काल त्याने काय गायले याच्याशी आजच्या गाण्याने तंतोतंत जुळावे, अशी कोणाची अपेक्षा नसते.

पॉप संगीतात परिस्थिती नेमकी उलट असते. तेथे ध्वनिमुद्रिका हीच मूळ संहिता असते. श्रोत्याने ती शेकडो वेळा ऐकलेली असते. श्वास कोठे घेतला, शब्द कोठे लांबविला, वाद्य कोठे थांबले, हे सारे त्याला पाठ असते. म्हणून वृद्ध पॉप गायकाची खरी स्पर्धा तरुण गायकांशी नसते, ती त्याच्या स्वतःच्याच तीसचाळीस वर्षांपूर्वीच्या आवाजाशी असते. या स्पर्धेत तो जिंकू शकत नाही. काहीजण पट्टी चढती ठेवून धडपडतात, काहीजण वाद्यांच्या गदारोळात गळ्याची उणीव झाकतात, काहीजण अवघड जागा श्रोत्यांकडून गाऊन घेतात.

कोहेन यांनी ही स्पर्धाच नाकारली. १९६७ मधील त्यांचा आवाज मध्यम खोलीचा, किंचित अनुनासिक, संकोची असा होता. १९८८ च्या 'आय ॲम युअर मॅन' या ध्वनिमुद्रिकेपर्यंत तो बराच खाली उतरला होता. २००८ मध्ये तो इतका खोल गेला आहे की गाणे आणि बोलणे यांतील सीमा अनेकदा पुसट होते. त्याची व्याप्ती थोडी आहे. लांबवर टिकणारा स्वर त्यात क्वचितच आहे. परंतु शब्दाचे वजन त्यात विलक्षण आहे. ओळ तालाच्या किंचित मागे ठेवून ते असे उच्चारण करतात की प्रत्येक शब्द विचार करून टाकल्यासारखा वाटतो. सुरांची चढण ज्या ठिकाणी आवश्यक आहे तेथे ती शॅरन रॉबिन्सन आणि वेब भगिनी यांच्याकडे सोपविलेली आहे. या तीन गायिकांचे स्वर वरच्या पट्टीत तरंगत राहतात आणि त्यांच्या तळाशी कोहेन यांचा आवाज जमिनीसारखा पसरलेला असतो. वृद्ध गायकाची उणीव झाकण्यासाठी केलेली ही तजवीज नव्हे. स्त्रीस्वरांची ही जोड त्यांच्या गीतांत प्रारंभीच्या ध्वनिमुद्रिकांपासून आहे. फरक एवढाच की, तेव्हा ती सजावट होती आणि आता ती रचनेचा आधार झाली आहे.

४. काही गीतांचा विचार

वर मांडलेली कसोटी काही गीतांना लावून पाहणे उद्बोधक ठरेल.

मैफलीचा प्रारंभ 'डान्स मी टू द एंड ऑफ लव्ह' या १९८४ च्या गीताने होतो. प्रथमश्रवणी ते प्रेमगीत, किंबहुना विवाहसमारंभात शोभेल असे नृत्यगीत वाटते. परंतु नाझी मृत्युछावण्यांत कैदी वादकांना वाजविण्यास भाग पाडले जात असे, त्या वास्तवातून हे गीत सुचल्याचे कोहेन यांनी सांगितले आहे. मूळ मुद्रणात ही छाया श्रोत्याला मुद्दाम सांगावी लागते. लंडनमध्ये ७३ वर्षांचा गायक हेच शब्द उच्चारतो तेव्हा शेवटापर्यंत सोबत करण्याची विनवणी आपोआपच शब्दशः होते. शब्द बदललेला नाही, शब्दामागचा माणूस बदलला आहे.

'सुझान' हे गीत आधी कविता म्हणून प्रसिद्ध झाले होते आणि पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ते पहिलेच होते. या गीताचे हक्क तरुणपणीच आपल्या हातून गेल्याचे कोहेन यांनी स्वतः सांगितले आहे. तारुण्यात गीत गेले, वार्धक्यात पुंजी गेली. लंडनच्या मैफलीत मात्र ते हे गीत गिटार हाती घेऊन, कोणताही आव न आणता गातात. १९६७ च्या मुद्रणात नायक त्या नदीकाठच्या स्त्रीकडे ओढला जात आहे, असे वाटते. २००८ मध्ये ती ओढ उरलेली नाही, तिची नोंद उरली आहे. मोहाचे गीत स्मृतीचे गीत झाले आहे. येथे काहींना मूळ मुद्रणच अधिक आवडेल आणि ते गैर नाही. परंतु दोन्ही सादरीकरणे वेगवेगळे काही सांगतात, ही गोष्ट नाकारता येणार नाही.

'हालेलुया' या गीताची कथा सर्वज्ञात आहे. १९८४ मध्ये ज्या ध्वनिमुद्रिकेत ते होते, ती अमेरिकेत प्रसिद्ध करण्यास त्यांच्या कंपनीने नकार दिला होता. पुढे जॉन केल (१९९१) आणि जेफ बकली (१९९४) यांनी ते गायले आणि ते जगभर पोहोचले. म्हणजे लंडनमध्ये कोहेन हे गीत गातात तेव्हा त्यांना आपल्याच मुद्रणाशी नव्हे, तर इतरांच्या अधिक प्रसिद्ध आवाजांशी सामना करावयाचा असतो. बकली यांच्या गाण्यात तारुण्याची हळवी आर्तता आहे. कोहेन त्या वाटेने जात नाहीत. ते गुडघ्यांवर येतात, डोळे मिटतात आणि गीतातील पराभवाची कबुली जवळजवळ हिशेब दिल्यासारखी मांडतात. आर्ततेच्या जागी येथे जबाबदारी येते. आपले गाणे परत मिळविण्याचा हा प्रसंग मैफलीतील सर्वोच्च क्षणांपैकी एक होय.

उत्तरार्धाच्या प्रारंभीचे 'टॉवर ऑफ साँग' हे गीत वेगळ्या जातीचे आहे. १९८८ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या कवीने म्हातारपणाची आणि स्वतःच्या आवाजाची केलेली ही थट्टा. लंडनमध्ये त्या थट्टेच्या जागी श्रोते टाळ्यांचा गजर करतात. कोहेन एका लहानशा कळफलकावर अगदी प्राथमिक अशी दोनचार सुरांची करामत करतात, त्यालाही टाळ्या पडतात आणि त्या टाळ्यांचीही ते मिस्कीलपणे दखल घेतात. आपल्याला सहानुभूती दाखविली जात आहे हे ओळखून तिच्यातील हवा काढून घेण्याची ही रीत अत्यंत चतुर आहे. श्रोत्यांनी 'या वयातही' असे म्हणण्यापूर्वीच गायकाने ते स्वतः म्हणून टाकलेले असते.

समारोपाकडे येताना 'आय ट्राइड टू लीव्ह यू' हे १९७४ चे गीत येते. मूळ मुद्रणात ते थकलेल्या दांपत्यजीवनाचे गीत आहे. सोडून जाण्याचा प्रयत्न केला, जमले नाही, असा त्याचा आशय. अनेकवार टाळ्या देऊन श्रोत्यांनी परत बोलाविलेला गायक हेच गीत गातो तेव्हा ते गायक आणि श्रोते यांच्या नात्याचे गीत होते. हशा पिकतो, परंतु हशाच्या तळाशी पंधरा वर्षांची अनुपस्थिती आणि पुढच्या अटळ निरोपाची जाणीव असते. प्रत्येक वादकाला या गीतात स्वतंत्र अवकाश दिला जातो. एका गीताचा अर्थ केवळ ते कोठे आणि केव्हा गायले यावरून कसा पालटतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधणे कठीण आहे. ध्वनिमुद्रिकेला हे साधणे शक्यच नव्हते.

५. रंगमंचावरील आचार

या मैफलीचे दृश्य रूप तिच्या श्राव्य रूपाइतकेच बोलके आहे. कोहेन करड्या छटेचा नेटका सूट आणि फेडोरा टोपी घालून येतात, चालत नव्हे तर हलक्या धावेने. एखादा वादक एकट्याने वाजवू लागला की ते टोपी काढून छातीशी धरतात आणि तो संपेपर्यंत त्याच्याकडे तोंड करून स्तब्ध उभे राहतात. स्पेनमधील वादक हाविएर मास 'हू बाय फायर' या गीतापूर्वी आपल्या तंतुवाद्यावर दीर्घ आलापी करतात, तेव्हा मुख्य गायक सर्वस्वी श्रोता झालेला दिसतो. ज्यू परंपरेतील प्रायश्चित्ताच्या पर्वातील प्रार्थनेवर आधारलेले हे गीत त्या आलापीमुळे एखाद्या प्राचीन मंदिरातून ऐकू यावे तसे उमटते. संगीत-संयोजक रॉस्को बेक यांच्यासह प्रत्येक सहकाऱ्याचे नाव कोहेन संपूर्ण आणि आदराने उच्चारतात. 'इफ इट बी युअर विल' या गीताचे आरंभीचे शब्द केवळ म्हणून ते बाजूला होतात आणि गीत वेब भगिनींच्या स्वाधीन करतात. शरणागतीची ती प्रार्थना इतरांच्या मुखी देणे, हेच त्या गीताचे सर्वांत अचूक सादरीकरण ठरते.

परंतु येथे एका अडचणीच्या प्रश्नाला सामोरे जाणे प्राप्त आहे. या दौऱ्यातील अनेक मैफलींची मुद्रणे आज उपलब्ध आहेत. ती एकामागून एक पाहिली असता असे आढळते की, गुडघ्यांवर येण्याच्या जागा बहुधा त्याच आहेत, टोपी त्याच क्षणी निघते, विनोद तेच आहेत. लंडनमध्ये उत्स्फूर्त वाटणारी वाक्ये इतरत्रही जवळपास त्याच शब्दांत येतात. मग ही विनम्रता म्हणजे सराईत अभिनय म्हणावयाचा काय?

उत्स्फूर्त तेवढे खरे आणि ठरविलेले तेवढे खोटे, या समजुतीतून हा प्रश्न उद्भवतो. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. नमस्कार रोज एकाच पद्धतीने केला म्हणून तो खोटा ठरत नाही. कीर्तनकार तेच आख्यान, त्याच दृष्टांतांसह, शंभर गावांत सांगतो. त्याने ते मन लावून सांगितले की नाही एवढेच श्रोता पाहतो. झेन मठातील दिनक्रमाचा पायाच पुनरावृत्तीत आहे. कोहेन यांचा रंगमंचीय आचार हा या अर्थाने विधी आहे. विधीची सत्यता त्याच्या नावीन्यात नसते, तो करताना लक्ष कोठे आहे यात असते. लंडनच्या चित्रमुद्रणात कॅमेरा वारंवार त्यांच्या चेहऱ्याजवळ जातो. वादक वाजवीत असताना त्या चेहऱ्यावर दिसते ते ऐकणे आहे, ऐकण्याचा अभिनय नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अर्थात, यापलीकडे पुरावा देता येणार नाही.

या ठिकाणी आपण अध्यापकांनी क्षणभर थांबून स्वतःकडे पाहावे. पंचवीस-तीस वर्षे तीच कविता, त्याच वयाच्या विद्यार्थ्यांना, ठरलेल्या उदाहरणांसह शिकविणारा अध्यापक याच पेचात असतो. कोणत्या वाक्यानंतर वर्ग हसेल हे त्याला ठाऊक असते. काही वर्षांनी त्याला स्वतःचाच कंटाळा येतो आणि तो एकतर उदाहरणे बदलतो किंवा मनाने वर्गाबाहेर जातो. प्रस्तुत लेखक निवृत्तीच्या उंबरठ्यावर असून या दोन्ही अवस्थांतून गेला आहे. उदाहरण जुने झाले म्हणून पाठ शिळा होत नाही, समोरच्या वर्गाकडे लक्ष उरले नाही म्हणजे तो शिळा होतो, हे या मैफलीने जितके स्पष्ट केले तितके कोणत्याही उद्बोधन वर्गाने केले नव्हते.

६. मुंबईचा संदर्भ

कोहेन यांच्या उत्तरायुष्यातील एका टप्प्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. १९९९ च्या प्रारंभी मठ सोडल्यानंतर ते मुंबईस आले आणि रमेश बाळसेकर यांच्या सकाळच्या सत्संगास नियमाने बसू लागले. पुढील काही वर्षांत ते पुन्हा पुन्हा मुंबईस येत राहिले. बाळसेकर (१९१७–२००९) हे बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ. खेतवाडीतील निसर्गदत्त महाराजांचे ते शिष्य आणि महाराजांच्या मराठी निरूपणांचे इंग्रजी भाषांतरकार. नवनाथ परंपरेतील, विडीचे दुकान चालविणाऱ्या एका मराठी सत्पुरुषाचे बोल अशा रीतीने, एका पिढीच्या अंतराने, माँट्रियलच्या या कवीपर्यंत पोहोचले.

बाळसेकरांच्या शिकवणुकीचा गाभा अकर्तेपणात आहे. घटना घडतात, कर्मे होतात, परंतु त्यांचा स्वतंत्र असा कर्ता कोणी नसतो. आयुष्यभर पाठीशी असलेला विषाद या सुमारास ओसरू लागला, असे कोहेन यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. मात्र त्याचे निश्चित कारण आपल्याला ठाऊक नाही, असेही ते म्हणत. त्यामुळे लंडनच्या मैफलीतील निवांतपणाचे श्रेय सरळ मुंबईतील सत्संगाला देऊन टाकणे हे अभ्यासाच्या शिस्तीस धरून होणार नाही. एवढेच म्हणता येईल की, ज्या गायकाला पूर्वी रंगमंचाची धास्ती वाटे आणि जो मद्याच्या आधाराने तेथे उभा राहत असे, तो आता टाळ्या स्वीकारताना त्या आपल्या नसल्यासारखा सहकाऱ्यांकडे हात करतो. अकर्तेपण ही कल्पना ज्याने ऐकली आहे, अशा मराठी श्रोत्याला त्या हातवाऱ्यात काही ओळखीचे दिसले तर नवल नाही.

७. मैफलीच्या मर्यादा

आदराने समीक्षेला रजा देऊ नये असे प्रारंभी म्हटले असल्याने मर्यादांचाही निर्देश करणे क्रमप्राप्त आहे.

पहिली मर्यादा वाद्यसंयोजनाची. ते इतके गुळगुळीत आहे की निरनिराळ्या काळांतील गीतांचे पोत एकमेकांत मिसळून जातात. १९६० च्या दशकातील गीतांचा उघडावाघडा खडबडीतपणा आणि १९८० च्या दशकातील गीतांचा कोरडा, यांत्रिक उपरोध या दोहोंवर एकाच प्रतीची मऊ शाल पांघरलेली आहे. सॅक्सोफोन व अन्य वायुवाद्यांचे तुकडे काही ठिकाणी अनावश्यक गोडवा आणतात.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. 'द फ्यूचर' आणि 'फर्स्ट वी टेक मॅनहॅटन' ही गीते मुळात अस्वस्थ करणारी आहेत. त्यांत धमकी आहे, क्रौर्याची चाहूल आहे. लंडनमध्ये ती गाणारा गायक इतका सुसंस्कृत आणि कृतज्ञ आहे की त्या धमकीची धार बोथट होते. श्रोते आनंदाने ठेका धरतात, तेव्हा गीताचा आशय आणि त्याचा परिणाम यांत अंतर पडते. वार्धक्याने काही गीतांना नवा अर्थ दिला, तसा काही गीतांचा अर्थ काढूनही घेतला, हे मान्य केले पाहिजे. कसोटी प्रामाणिक असेल तर ती दोन्ही बाजूंनी लागू पडली पाहिजे.

तिसरी मर्यादा भक्तिभावाची. श्रोत्यांची शांतता अनेकदा मंदिरातील शांततेसारखी वाटते. ज्याच्या गीतांत श्रद्धा आणि संशय यांचे सतत भांडण आहे, त्याच्याभोवती निःसंशय भक्तांचा मेळा जमावा, यातील विसंगती कोहेन यांना स्वतःला जाणवत असावी. त्यांचा विनोद बहुधा तिच्यावरचाच उतारा असावा.

८. समारोप

लंडनच्या मैफलीनंतरचा घटनाक्रम थोडक्यात नोंदविणे उचित होईल. १८ सप्टेंबर २००९ रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे कोहेन रंगमंचावरच कोसळले. तीन दिवसांनी, आपल्या ७५व्या वाढदिवशी, ते बार्सिलोना येथे पुन्हा गायले. २४ सप्टेंबरला तेल अवीवनजीकच्या रामत गान येथील मैफलीच्या अखेरीस त्यांनी आपल्या पुरोहित कुळाच्या परंपरेने श्रोत्यांना हिब्रू आशीर्वचन दिले. त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी मुंबईत बाळसेकरांचे निधन झाले. कोहेन यांची 'यू वाँट इट डार्कर' ही ध्वनिमुद्रिका २१ ऑक्टोबर २०१६ रोजी प्रकाशित झाली आणि ७ नोव्हेंबर २०१६ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्या अखेरच्या मुद्रणातील जवळजवळ कुजबुजीसारखा आवाज ऐकताना लक्षात येते की, त्याची तयारी रंगमंचावरील त्या वर्षांत झाली होती. खाली उतरत जाणाऱ्या आवाजाला कोठे आणि किती वजन द्यावयाचे, हे शेकडो मैफलींनी त्यांना शिकविले होते.

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, पॉप संगीतातील वृद्ध गायकाची तुलना त्याच्या जुन्या मुद्रणाशी होणे अपरिहार्य आहे, परंतु ती तुलना 'तेवढे जमले काय' अशी नसावी, 'वेगळे काय सांगितले' अशी असावी. दोन, वार्धक्य ही केवळ शारीरिक मर्यादा नसून योग्य कलावंताच्या हाती ते अर्थनिर्मितीचे साधन होऊ शकते. मात्र ते सर्व गीतांना सारखेच मानवत नाही. तीन, पुनरावृत्ती आणि सच्चेपणा यांत विरोध नाही. चार, सहानुभूती ही श्रोत्याची भावना आहे, समीक्षेचे माप नव्हे.

लंडनची मैफल 'व्हिदर दाउ गोएस्ट' या छोट्या गीताने संपते. बायबलमधील रूथच्या कथेतील निष्ठेच्या वचनावर ते आधारलेले आहे. सारे वादक आणि गायिका एका रांगेत उभे राहून ते एकत्र म्हणतात. कोहेन यांचा आवाज त्या समूहात वेगळा ओळखू येत नाही. सुमारे अडीच तास ज्याच्या एका आवाजासाठी हजारो माणसे बसली होती, तो आवाज अखेरीस इतरांत मिसळून जातो आणि गायक टोपी हाती घेऊन, जसा आला तसाच, हलक्या धावेने निघून जातो.